शेंगेसकट खाण्याचा वाटाणा

पौष-माघात मटाराची आवक वाढली की पेठेतल्या घरांमध्ये दुपारचे काम ठरून जाते. दुकानातून पाच-सात किलोची पिशवी वर येते, सतरंजी अंथरली जाते, जावा-नणंदा आणि शाळेतून आलेली मुले भोवती बसतात आणि परातीत दाणे पडू लागतात. गप्पांत काम केव्हा सरले ते कळत नाही. मग लक्षात येते की परातीतल्या दाण्यांपेक्षा शेजारचा टरफलांचा ढीग मोठा आहे. किलोभर शेंगा सोलल्या तर दाणे अर्ध्या किलोपेक्षा कमीच भरतात. बाकीचा माल गाईपुढे किंवा कचऱ्यात जातो. तराजू जाणणाऱ्या घराच्या नजरेतून ही तूट सुटते असे नाही. पण धान्य वाळल्यावर पोत्यामागे जशी घट धरावी लागते, तशी हीही धरलेली असते.

वाटाण्याच्या एका जातीत मात्र ही घट नाही. तिची शेंग टरफलासकट खातात. तिला 'शुगर स्नॅप' म्हणतात आणि मोठ्या शहरांत परदेशी भाज्यांच्या दुकानांत ती छोट्या डब्यांत बंद होऊन, मटाराच्या कितीतरी पट भावाने विकली जाते. दुकानातल्या त्या डब्यावरून तिची परीक्षा करू नये. तोडल्यावर तिची गोडी झपाट्याने उतरते, आणि डब्यात येईपर्यंत बहुधा बरीच उतरलेली असते. ही भाजी ज्याने वेलीवरून तोडून लगेच खाल्ली त्यालाच खरी कळते. म्हणूनच ती गच्चीवर किंवा परसात लावण्यात अर्थ आहे.

साधे मटाराचे टरफल का खाता येत नाही, हे एकदा हाताने पाहण्यासारखे आहे. टरफल दिसायला रसरशीत असते, चावले तर गोडही लागते. पण चावता चावता तोंडात चोथा उरतो. शेंग उकलून आतल्या बाजूने नख फिरवले की एक पातळ, चिवट, कागदासारखा पापुद्रा सुटून येतो. अडचण सगळी त्याच्यात आहे. शेंग वाळली की हा पापुद्रा आकसतो, शेंगेला पीळ बसतो, ती तडकून फुटते आणि दाणे लांब उडतात. वेलीला आपले बी दूर पोचवायचे असते, त्यासाठी तिने केलेली ही सोय आहे. माणसाच्या दातांचा विचार तिच्यात कोठेच नाही.

हा पापुद्रा नसलेला वाटाणा युरोपात जुन्या काळापासून लावला जात होता. ब्रनो येथील मठात १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग करणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी ज्या सात लक्षणांचा मागोवा घेतला, त्यांत एक लक्षण शेंगेच्या आकाराचे होते. पापुद्रा असलेली शेंग फुगीर राहते. तो नसलेली शेंग वाळताना दाण्यांवर आवळली जाते. मेंडेल यांनी दोन्हींचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळ्याच शेंगा फुगीर निघाल्या. दुसऱ्या पिढीत ८८२ झाडांच्या शेंगा फुगीर आणि २९९ झाडांच्या आवळलेल्या आल्या. म्हणजे जवळजवळ तीनास एक. एखाद्या चोख मुनिमाने वही लिहावी तशी त्यांनी ही मोजदाद ठेवली, १८६६ साली ती छापली गेली, आणि पुढे पस्तीसएक वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आज आनुवंशिकतेचे शास्त्र ज्या पायावर उभे आहे, त्यातली एक वीट म्हणजे वाटाण्याचे टरफल खाण्याजोगे आहे की नाही, हा प्रश्न होय.

बिनपापुद्र्याच्या या जुन्या वाणाची शेंग चपटी आणि पातळ असते. चिनी पद्धतीच्या जेवणात दिसणारी 'स्नो पी' ती हीच. दाणे भरण्याआधी, कोवळी असतानाच ती तोडावी लागते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात ट्विन फॉल्स येथे कॅल्विन लॅम्बॉर्न नावाचे पैदासकार एका बियाणे कंपनीत काम करीत होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते चपट्या शेंगेचा वेडावाकडेपणा घालवण्याच्या खटपटीत होते. त्यांच्या हाती साध्या मटाराचे एक वेगळे झाड आले. त्याच्या शेंगेची भिंत नेहमीपेक्षा बरीच जाड होती. सोलायच्या मटारात असे झाड निरुपयोगी ठरते आणि उपटून टाकले जाते. लॅम्बॉर्न यांनी चपट्या शेंगेच्या वाणाशी त्याचा संकर केला. त्याच्या पुढच्या पिढ्यांत पापुद्रा नसलेली, तरीही जाड, मांसल आणि गोल शेंग मिळाली, आणि तिच्यात दाणेही पूर्ण भरले. 'शुगर स्नॅप' हे वाण १९७९ साली बाजारात आले आणि त्याच वर्षी 'ऑल अमेरिका सिलेक्शन्स'चे सुवर्णपदक त्याला मिळाले. स्वयंपाकघरातल्या कितीतरी भाज्या हजारो वर्षांच्या आहेत. ही भाजी मात्र घरातल्या मधल्या पिढीच्या वयाची आहे.

बियाणे घेताना दोन गोष्टींना जपावे. पहिली नावाची. रोपवाटिकेत 'स्वीट पी' या नावाने सुगंधी फुलांच्या वेलीचे बी मिळते. त्या फुलवेलीचे बी विषारी असते, आणि तिच्या शेंगाही खाण्याच्या नाहीत. 'शुगर' आणि 'स्वीट' यांचा गोंधळ दुकानदाराकडूनही होतो. म्हणून पाकिटावर भाजीचे चित्र आहे की फुलाचे, ते पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट रंगाची. गुलाबी किंवा निळ्या रंगात घोळलेल्या बियांना बुरशीनाशक लावलेले असते. असे बी मुलांच्या हाती देऊ नये आणि उरलेले कोणत्याही कारणाने खाण्यात आणू नये. मूळ 'शुगर स्नॅप'चा वेल माणसाच्या उंचीपेक्षा वर जातो. १९८४ साली निवडले गेलेले 'शुगर अ‍ॅन' हे वाण दोन-अडीच फुटांतच राहते, शेंगाही लवकर देते. गच्चीवरील पहिल्या प्रयोगाला तेच सोयीचे.

आता हंगाम. वाटाणा थंडीचा सोबती आहे. दिवसाचे तापमान ३० अंशांच्या आसपास स्थिरावले की त्याची फुले गळतात, शेंग धरत नाही, धरली तर गोडी येत नाही. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, जालना, सोलापूर अशा घाटमाथ्यावरच्या आणि पठारावरच्या गावांत दसऱ्यापासून कार्तिक अखेरपर्यंत बी टाकावे. सोलापुरासारख्या उष्ण गावात थोडे उशिराच बरे. पुरंदरच्या पठारावर पावसाळ्यातही मटार पिकतो, पण तेथली उंची आणि वारा शहरातल्या गच्चीला नाही. मुंबईत आणि कोकणपट्टीत हा वाटाणा हट्टाने लावता येतो, पण चार-दोन वाट्यांपलीकडे काही देत नाही. तेथील कुटुंबांनी ती जागा वालाला द्यावी, हे स्पष्ट सांगितलेले बरे. कार्तिकात पेरलेल्या वेलीला पौष-माघात शेंगा येतात. चातुर्मासात ज्या घरांत हिरवी भाजी वर्ज्य असते, त्यांनाही हे पीक सोयीचे पडते; चातुर्मास उठल्यावर पेरायचे आणि फाल्गुन लागण्याआधी आवरायचे.

इतके असूनही अनेक व्यापारी घरांत भाजी लावण्याची गोष्ट निघाली की कोणीतरी ज्येष्ठ मान हलवतात. ही नाखुशी आळसातून आलेली नसते. माती उकरली की जीव दुखावणार, भाजी लावली की कीड येणार, कीड आली की काहीतरी मारावे लागणार; मग विकत घेतलेली भाजी काय वाईट? या शंकेला उडवून लावणे योग्य नाही. शेती हा धर्माबाहेरचा व्यवसाय आहे असेही नाही. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली असे परंपरा सांगते. त्यांत कृषि वाणिज्याच्या आधी येते. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी आजही हजारो जैन कुटुंबे पिढ्यान् पिढ्या शेती करीत आहेत. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे भेद शास्त्रकारांनी केले. त्यांतली जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायची, बाकीची जपून कमी करायची. कुंडीतली माती हलक्या हाताने सैल करणे आरंभात मोडते. पण शेंगेतली अळी चिमटीत धरून चिरडणे त्यात बसवणे कठीण आहे, आणि ज्येष्ठांचा आक्षेप खरे तर तेथेच असतो.

या ठिकाणी 'सेंद्रिय' या शब्दाने फसगत होते. निंबोळी अर्क, साबणाचे पाणी, पिवळे चिकट सापळे, दशपर्णी या सगळ्यांना सेंद्रिय म्हणतात, आणि ते शेतकऱ्याच्या व जमिनीच्या दृष्टीने रासायनिक विषापेक्षा निश्चित चांगले आहेत. परंतु ते अहिंसक नाहीत. निंबोळी अर्काने किडीची वाढ खुंटते आणि ती मरते. चिकट सापळ्यावर चिकटलेला जीव तडफडून मरतो, त्यात मित्रकीटकही सापडतात. ज्या घराने व्रत घेतले आहे त्याने पाकिटावरचा 'सेंद्रिय' हा शब्द वाचून समाधान मानू नये. ती वस्तू करते काय, ते विचारावे.

वाटाण्याच्या बाबतीत या कोंडीतून एक वाट आहे, आणि ती फार थोड्या भाज्यांना आहे. वाटाण्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. फूल पुरते उमलण्यापूर्वी, मिटलेल्या कळीतच पराग कुक्षीवर पडलेला असतो. मधमाशी आली नाही, फुलपाखरू आले नाही, तरी शेंग धरते. याच गुणामुळे मेंडेल यांनी वाटाणा निवडला. संकर करायचा तर त्यांना कळी उघडून पुंकेसर काढून टाकावे लागत. म्हणजे पेरल्या दिवसापासून शेवटची शेंग तोडेपर्यंत वेल जाळीत बंद ठेवता येतो आणि पिकाचे काहीही बिघडत नाही. काकडी, दोडका, भोपळा यांना असे कोंडले तर एकही फळ लागणार नाही.

शेंगेतली अळी शेंगेत आपोआप निर्माण होत नाही. रात्री उडणारा पतंग वेलीवर अंडी घालतो, अंड्यातून निघालेली अळी शेंगेला छिद्र पाडून आत शिरते. पतंगाला वेलीपर्यंत पोचताच आले नाही, तर अंडे नाही, अळी नाही आणि तिला मारण्याचा प्रसंगही नाही. साधे मच्छरदाणीचे कापड यासाठी पुरते. शेतीच्या दुकानांत मिळणारी कीटकरोधक जाळी अधिक टिकते आणि तिची वीण बारीक असल्याने मावाही बराचसा अडतो. बांबूच्या चार काठ्या रोवून त्यावर जाळी पांघरावी, खालचा घेर विटांनी किंवा वाळूच्या पिशव्यांनी दाबून टाकावा. पाणी घालण्यासाठी एक बाजू उघडता येईल अशी ठेवावी आणि ती दिवसाच उघडावी, पतंग रात्रीचे. जाळीने ऊन थोडे कमी होते, म्हणून जागा अशी निवडावी की दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन मिळेल.

या व्यवस्थेत फट राहते ती दोन ठिकाणी. वेल बऱ्यापैकी वाढल्यावर, पानांवर अंडी पडून गेल्यावर जाळी घातली तर शत्रूला आत कोंडल्यासारखे होते. म्हणून जाळी पहिल्या दिवशीच हवी. आणि पानांत पांढऱ्या नागमोडी रेघा काढणारी नागअळी मातीत कोष करते. मागच्या हंगामात जेथे वाटाणा, वाल किंवा घेवडा होता त्या मातीतून ती जाळीच्या आतच बाहेर येऊ शकते. त्या मातीत यंदा दुसरे काही लावावे आणि वाटाण्याला दुसरी माती द्यावी. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला, तर तेवढा शेंडा कात्रीने कापून लांबच्या एखाद्या झाडाखाली ठेवून द्यावा. शेणखताचा मारा केला की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा तेथेच जमतो; वाटाण्याला जास्त खत घालणे हे पैसे देऊन त्रास विकत घेण्यासारखे आहे.

खताची गरज कमी असण्याचे कारण मुळाशी आहे. वाटाण्याच्या मुळांवर गाठी येतात. त्यांत राहणारे रायझोबियम जातीचे जिवाणू हवेतला नत्र वेलीला देतात आणि वेल त्यांना साखर देतो. देवघेव दोघांच्या फायद्याची आहे. गाठ आतून गुलाबी दिसली तर जिवाणू कामाला लागले आहेत असे समजावे. ज्या मातीत कधी वाटाणा झालेला नाही तिच्यात हे जिवाणू नसण्याचा संभव असतो. कृषी महाविद्यालयांत आणि कृषी विद्यापीठांच्या विक्रीकेंद्रांवर रायझोबियमचे पाकीट मिळते. बियांना गुळाच्या घट्टसर पाण्यात ते चोळून सावलीत वाळवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. पाकीट घेताना ते वाटाण्यासाठी आहे याची खात्री करावी, कारण सोयाबीनचे जिवाणू वाटाण्याला लागू पडत नाहीत. रंगीत, औषध लावलेल्या बियांवर हा खटाटोप वाया जातो.

कुंड्या विकत आणण्याची आवश्यकता नाही. किराणा किंवा तेलाचा व्यापार असलेल्या घरात पंधरा किलोचे पत्र्याचे डबे असतातच. डबा आतून साबणाने स्वच्छ करावा, तळाला आठ-दहा भोके पाडावीत, आणि पत्रा उन्हात तापतो म्हणून बाहेरून जुने गोणपाट गुंडाळावे. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत, एक भाग नारळाचा भुसा एवढे पुरे. काळी माती एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि मूळ सडते. ओल्या मातीने भरलेला असा डबा वीस-पंचवीस किलोंचा होतो, तेव्हा जुन्या वाड्याच्या गच्चीवर डबे मध्यभागी न मांडता भिंतीच्या कडेने मांडावेत. जलरोधक लेप असलेल्या गच्चीवर डब्याखाली विटा द्याव्यात, म्हणजे खाली पाणी साचून राहत नाही आणि पुढे घरमालकाशी बोलाचाली होत नाही.

एका डब्यात पाच-सहा बिया, बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल टाकून उगवल्यावर चार ठेवाव्यात. रात्रभर भिजवण्याची सवय मटकीला ठीक, या बियांना नव्हे. गोड वाटाण्याचे बी सुरकुतलेले असते. त्यात साखर जास्त, त्यामुळे ते भराभर पाणी पिते आणि ओल्या मातीत लवकर कुजते. चार-पाच तास पुरेत, न भिजवले तरी चालते. पेरताना एकदा पाणी द्यावे आणि कोंब वर येईपर्यंत, म्हणजे सहा ते दहा दिवस, माती नुसती ओलसर ठेवावी. पाखराने पहिला कोंब खुडला तरी घाबरू नये. वाटाण्याच्या डाळिंब्या जमिनीखालीच राहतात आणि खालच्या डोळ्यातून दुसरा कोंब येऊ शकतो. घेवड्याला ही सवलत नाही.

वेलीला आधार कसला द्यावा, याबाबत हौशी माणसे हमखास जाड बांबू रोवतात आणि वेल खाली का लोळतो याचे नवल करतात. वाटाण्याच्या पानाच्या टोकाला जे तणावे असतात ते बारीक असतात. जाड काठीला त्यांचा विळखा बसत नाही. त्यांना दोरी लागते. माल बांधायची सुतळी यासाठी उत्तम, कारण ती खरखरीत असते आणि हंगाम संपल्यावर वेलीसकट खतात टाकता येते. नायलॉनची दोरी टिकते खरी, पण वाळलेला वेल तिच्यातून सोडवता सोडवता संध्याकाळ जाते.

पाणी सकाळी द्यावे, मुळाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. खालची पाने पिवळी पडू लागली तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेले असते, कमी नव्हे. फुले आल्यापासून शेंगा भरेपर्यंत मात्र माती कोरडी पडू देऊ नये. त्या पंधरा दिवसांत बसलेला ताण शेंगेत उतरतो. जानेवारीच्या अखेरीस पानांवर पीठ सांडल्यासारखी भुरी दिसू लागते. ती बुरशी आहे. वेल दाट झाल्यास काही पाने काढून वारा खेळता ठेवावा. सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारे गंधक पाकिटावरच्या प्रमाणात फवारले तर ती पसरत नाही. बी घेतानाच भुरीला दाद न देणारे वाण मिळाले तर सगळ्यांत बरे.

पेरणीपासून साधारण साठ-सत्तर दिवसांनी शेंगा तयार होतात. 'स्नो पी'प्रमाणे या शेंगा चपट्या असताना तोडण्याची चूक सर्रास होते. शुगर स्नॅपची शेंग गोल, टपोरी होऊ द्यावी. वाकवली की काडकन मोडली पाहिजे. दाण्यांचे उंचवटे वरून ठळक दिसू लागले आणि सालीची चमक गेली की एक-दोन दिवस उशीर झाला. एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने शेंग तोडावी, नाहीतर फांदीच हाती येते. दर दोन दिवसांनी तोडणी हवी. शेंगा वेलीवर पिकू दिल्या की वेलीला आपले काम झाल्यासारखे वाटते आणि फुले थांबतात.

तोडल्या क्षणापासून शेंगेतली साखर पिठूळ होऊ लागते. म्हणून स्वयंपाकाच्या वेळीच तोडणे उत्तम. थांबायचे असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून थंड कपाटात ठेवावे. आणि येथे घरातली आजी नातसुनेला एक प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही : "उकलून पाहिलीस ना गं?"

ही भाजी पाश्चात्त्य स्वयंपाकात उकलत नाहीत. अखंड शेंग खाणे हाच तिचा डौल. जैन स्वयंपाकघरात अखंड शेंग तशीच पातेल्यात जात नाही. हा विरोध वाटतो तितका मोठा नाही. बहुतेक वाणांच्या शेंगेला पाठीवर शीर असते आणि ती देठाकडून ओढून काढावीच लागते. शीर निघाली की शिवण सैल होते. अंगठ्याने किंचित दाब दिला की शेंग पुस्तकासारखी उघडते, दाणे एका ओळीत दिसतात, आणि छिद्र किंवा विष्ठेचे काळे कण असतील तर लपत नाहीत. पाहून पुन्हा मिटता येते. अलीकडे बिनशिरेची वाणे निघाली आहेत आणि ती अधिक सोयीची म्हणून विकली जातात. शोधून खाणाऱ्या घराला मात्र शिरेची जुनी वाणेच सोयीची. जाळीत वाढवलेल्या शेंगांत सहसा काही सापडत नाही. तरीही पाहण्याची रीत सोडू नये, कारण जाळीला कोठे भोक पडले आहे हे बहुधा शेंग उकलल्यावरच कळते.

शिजवण्याला वेळ फार लागत नाही आणि तेथेच बिघडते. मटारासारखी वाफेवर दहा मिनिटे ठेवली तर शेंग लोळागोळा होते. तेल तापवून जिरे, हिंग, कढीलिंब, हिरवी मिरची, मग शेंगा, मीठ, वरून ओले खोबरे आणि लिंबू. तीन-चार मिनिटांत उतरवावे. शेंग दाताखाली कुरकुरली पाहिजे. बटाट्याच्या जागी कच्ची केळी घेणाऱ्या घरांनी केळी आधी वेगळी शिजवून मग शेंगा घालाव्यात. बहुतेक घरांत हिरवा वाटाणाही द्विदलातच धरतात; तेव्हा कच्च्या दह्यात शेंगा घालून कोशिंबीर करण्याचा मोह टाळावा लागतो. दही आधी गरम करून घेण्याची रीत ज्या घरात आहे तेथे कढीत या शेंगा छान लागतात.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरांत एक अडचण दरवर्षी येते. तिथी पाळणे वेलीला ठाऊक नसते. शेंग नेमकी त्याच दिवशी भरते. आदल्या दिवशी जरा कोवळ्याच तोडून शेजारी किंवा दुकानातल्या माणसांच्या घरी देणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे त्या दिवशीच्या शेंगा वेलीवर राहू देणे. यासाठी एक डबा वेगळाच नेमावा. त्यातल्या शेंगा तोडायच्याच नाहीत, म्हणजे बाकीच्या वेलींचा बहर थांबत नाही.

हिशेब मांडायचा झाला तर तो सरळ मांडावा. कुंडीतल्या एका वेलीवर चांगल्या निगेत वीस-पंचवीस शेंगा येतात, आणि दहा शेंगांचे वजन पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. सहा डबे, चोवीस वेली म्हणजे हंगामात दोन किलोंच्या आगेमागे भाजी. बी, जाळी आणि खताचा खर्च पाहता पहिल्या वर्षी खाते तोट्यातच जाते. जानेवारीत स्वस्त मटार दारात येत असताना पैशाच्या कारणाने हे करू नये. दुसऱ्या वर्षी जाळी, काठ्या आणि डबे असतातच. बियाणेही घरचे होते. संकरित टोमॅटोचे बी धरले तर पुढच्या वर्षी काय निघेल याचा भरवसा नसतो. वाटाण्याची बाजारातली बहुतेक वाणे सरळ असतात, आणि कळीतच फळणारे हे फूल शेजारच्या वेलीत सहसा मिसळत नाही. राखून ठेवलेल्या डब्यातल्या शेंगा वेलीवरच वाळू द्याव्यात. हलवल्यावर आत दाणे खडखडू लागले की काढून, सावलीत आठवडाभर वाळवून, काचेच्या कोरड्या बरणीत ठेवावे आणि चिठ्ठीवर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. असे बी तीनएक वर्षे चांगले उगवते.

फाल्गुनात ऊन तापले की वेल वाळतो. तो उपटू नये. जमिनीलगत कात्रीने कापावा आणि मुळे मातीतच राहू द्यावीत. गाठींतला नत्र तेथेच जिरतो, आणि मातीतल्या गांडुळांनाही धक्का लागत नाही. त्याच डब्यात चैत्रात काकडी लावता येते. काकडीच्या फुलाला मधमाशी लागते. म्हणून जाळी धुऊन, वाळवून, भोके शिवून, कार्तिकापर्यंत माळ्यावर ठेवावी.